गोल्डफिशचा शेजारी

गिऱ्हाईक दुकानात आले की आधी गोल्डफिशकडे बोट दाखवते आणि लगेच विचारते, "याच्यासंग अजून काय टाकता येते?" काचेच्या टँकमध्ये एकच मासा फिरताना पाहणे बहुतेकांना सोसत नाही. "एकटा कंटाळन ना थो," असे म्हणतात. माशाला कंटाळा येतो की नाही हे मला आजही ठाऊक नाही, आणि मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले आहे.

बुलढाण्यात आमचे शोभेच्या माशांचे दुकान आहे. ते सुरू केले माझ्या धाकट्या भावाने, मिलिंदने. मी तेव्हा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका कमी होत गेल्या तशी मी दुकानात बसू लागले आणि पुढे तिथलीच झाले. कामाची वाटणी आपोआप झाली. बोलायचे त्याने, वाचायचे मी. गिऱ्हाइकाला माशाचा रोग कळत नसेल तर तो मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायचा, "ताई, तुह्या पुस्तकात पाय बरं." मी पाहून सांगायचे. माझे सांगणे लांबले की तो म्हणायचा, "पेपर तपासल्यावानी बोलू नको व, मानूस पयून जाईन."

मागच्या हिवाळ्यात मिलिंद गेला. सकाळी छातीत दुखते म्हणाला, दुपारपर्यंत सगळे संपले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी या व्यवसायाबद्दल लिहायला सांगितले तेव्हा मी बरेच दिवस काही लिहू शकले नाही. दुकानाची गोष्ट म्हणजे त्याचीच गोष्ट, आणि ती सांगायची सवय मला नव्हती. म्हणून मी गिऱ्हाइकांच्या त्या नेहमीच्या प्रश्नाबद्दलच लिहायचे ठरवले. त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. बुलढाणा उंचावर, म्हणून आमच्याकडे तो सुखाने राहतो. एंजल नावाचा देखणा चपटा मासा लोकांना त्याच्याबरोबर हवा असतो, पण त्याला कोमट पाणी लागते. दोघांना एकत्र ठेवले की पाणी एकाच्या मनासारखे होते आणि दुसरा झुरतो. गोल्डफिश खातो फार आणि घाणही फार करतो, त्यामुळे नाजूक मासे त्याच्या पाण्यात टिकत नाहीत. शिवाय जे तोंडात मावते ते तो गिळतो. त्यात त्याचा दुष्टपणा काही नाही. चिखलीच्या एका डॉक्टरांनी न विचारता दहा निऑन, म्हणजे बोटाच्या पेराएवढे चमकते मासे, आपल्या गोल्डफिशबरोबर सोडले. चौथ्या दिवशी फोन आला की मासे उड्या मारून बाहेर पडत आहेत, पण खाली सापडत नाहीत. मिलिंद म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जमिनीवर काऊन शोधता? गोल्डफिशचं पोट पाहा."

पट्ट्यापट्ट्यांचे टायगर मासे तर लांब शेपटी दिसली की कुरतडतात. एका वकिलांच्या गोल्डफिशची शेपटी कात्रीने कापल्यासारखी झाली होती. ते आमच्यावर केस करायला निघाले होते, आणि टायगर मासे मात्र दुसऱ्या दुकानातून आणलेले. मिलिंदने त्यांना चहा पाजला आणि विचारले, "आरोपी कोनाकडून घेतला साहेब?" वकील हसले आणि प्रकरण मिटले.

मध्यंतरी वास्तूचे खूळ आले होते. आठ सोनेरी मासे आणि एक काळा. घरावरचे संकट काळा आपल्या अंगावर घेतो आणि मरतो, असे लोक सांगत. मेहकरचे एक गृहस्थ महिन्याभराने तणतणत आले. आठही सोनेरी मेले होते आणि काळा धडधाकट होता. "उलटं झालं ना हो भाऊ," ते म्हणाले. "आता याचा अर्थ काय घ्यायचा?" मिलिंदने गंभीरपणे माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की टँक दोन फुटांचा आहे, त्यात नऊ गोल्डफिश मावत नाहीत, जो चिवट होता तो उरला. त्यांना हे उत्तर आवडले नाही. अर्थ हवा असलेल्या माणसाला आकारमान सांगून उपयोग नसतो, हे मी फार उशिरा शिकले.

या सगळ्यातून आमची एक पद्धत तयार झाली. मासा द्यायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाच्या घरचे बाटलीभर पाणी मागवायचो. आपला जिल्हा एक, पण पाणी एक नाही. नळाचे वेगळे, विहिरीचे वेगळे. खाली पूर्णेकडे खारपाणपट्टा आहे, तिथे बोअरचे पाणी जिभेला खारट लागते. गोल्डफिश थोडा खार सोसतो, बरेच इतर मासे सोसत नाहीत. म्हणून मागच्या खोलीत एका फळीवर गावांची नावे लिहिलेल्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असत. नवे गिऱ्हाईक हसायचे. "मासा घ्याले आलो का रक्त तपासाले?" असे एक जण म्हणाला होता. पद्धत माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. ती मोडलीही मीच.

शोभाबाई जळगाव जामोद तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. मोठ्या आवाजाच्या, कपाळावर घाम, हातात कायम वहीची पिशवी. त्यांच्या अंगणवाडीत मुले यायला मागत नसत. आली तरी खिचडी खाऊन पळत. कुठल्याशा लग्नात त्यांनी फिश टँक पाहिला आणि त्यांच्या डोक्यात आले की लेकरे याच्यासमोर बसतील. त्यांनी मिलिंदकडून टँक नेला, दोन लालसर गोल्डफिश नेले, आणि काच साफ राहावी म्हणून एक सकर नेला.

सकर म्हणजे काळपट, खरबरीत, तोंडाने काचेला चिकटून राहणारा मासा. काचेवरचे शेवाळ तो खातो. सगळी दुकाने गोल्डफिशबरोबर तो देतात. आम्हीही दिला, वीस वर्षे. मिलिंद त्याला सफाईवाला म्हणायचा आणि गिऱ्हाइकाला तो शब्द आवडायचा.

टँक लागला आणि मुले खरोखर येऊ लागली. शोभाबाई फोनवर मिलिंदला सांगायच्या, "भाऊ, लेकरं दार उघडायच्या आंधी बाहीर उभे. याइच्या माया म्हनतात, बाईनं जादू केली." मिलिंद ते मला अभिनयासह ऐकवायचा.

पाच-सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्या दिवशी मिलिंद बाहेर होता, मी घेतला.

"मॅडम, माशाच्या अंगावर पांढरे चट्टे पडले. दोघाइच्याही. एकाचं तं खवलंच निघून राह्यलं."

मी पुस्तक काढले. चट्टे, खवले निघणे, अंग चोरून बसणे. संसर्ग असावा. अशा वेळी खडे मीठ घालतात, त्याचे प्रमाण छापलेले होते. मी ते वाचून दाखवले, त्यांनी लिहून घेतले. त्यांच्या गावाची बाटली फळीवर माझ्यापासून चार हातांवर होती. उठून तिच्याकडे पाहिले असते तरी आठवले असते की ते पाणी आधीच खारे आहे. मी उठले नाही.

तिसऱ्या दिवशी एक मासा मेला. मिठानेच मेला असे खात्रीने म्हणता येत नाही. तो आधीच जखमी होता. पण तो माझ्या सांगण्यानंतर मेला.

शोभाबाई बसने बुलढाण्याला आल्या. रागावल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्त लागले.

"आता एकच उरला," त्या म्हणाल्या. "मेलेला मी लपवून पुरला. लेकराइले सांगतलं, मामाच्या गावाले गेला. हा दुसराही गेला तं काय सांगू? येनं बंद करतीन ना सारे. लय मुश्किलीनं बसवले होते."

मिलिंदने त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि मला बाजूला घेतले. "मीठ काऊन सांगतलं व ताई? खारपान्याचं गाव हाय ना थे."

"चुकले," मी म्हटले. "पण मीठ घालायच्या आधीच चट्टे होते. ते कशाने पडले?"

हा प्रश्न मला सोडवेना. रोग असता तर मिठाने काही फरक दिसला असता. मी शोभाबाईंना रोज थोडे पाणी बदलायला सांगितले, मीठ बंद केले, आणि आमच्याच दुकानात प्रयोग मांडला. एका टँकमध्ये दोन धडधाकट गोल्डफिश आणि तळहाताएवढा सकर ठेवला. टँकवर काळे जाड कापड घातले. सकर अंधारात हालचाल करतो एवढे मी वाचले होते, म्हणून दिवसाच त्याच्यासाठी अंधार केला. कापडाला बोटाएवढी फट ठेवली, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळला, आणि स्टुलावर बसून राहिले.

दोन दिवस काही घडले नाही. मिलिंद येता-जाता म्हणायचा, "काय म्हनते तुही गुप्त पोलीस?" तिसऱ्या दिवशी दुपारी गोल्डफिश तळाशी स्थिर झाले होते, बहुधा झोपले होते. सकरने काच सोडली. सरळ एका गोल्डफिशच्या कुशीला जाऊन चिकटला. मासा दचकला, अंग झटकून पुढे गेला. थोड्या वेळाने सकर पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो किती तरी वेळ सुटला नाही.

माशाच्या अंगावर चिकट थर असतो. तो त्याचे रक्षण करतो. सकर लहान असतो तोवर शेवाळ त्याला पुरते. वाढला, भूक वाढली, काच आधीच स्वच्छ, की त्याला तो थर सापडतो. गोल्डफिश संथ आणि अंगाने भरलेला, त्यामुळे सहज हाती लागतो. काचेवरून तोंड काढून अंगावर ठेवायचे, एवढाच फरक.

मी मिलिंदला हाक मारली. त्याने फटीला डोळा लावला. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती, ती उभीच राहिली. तो बराच वेळ वाकलेला होता. मग उभा राहून म्हणाला, "वीस वर्स मी याले सफाईवाला म्हनून देल्ला ताई."

"मलाही माहीत नव्हते."

"तू वाचत होती ना?"

त्याने ते टोचून म्हटले नव्हते, खरोखर विचारले होते. मी प्रत्येक माशाचे वेगळे पान वाचले होते. दोन मासे एकत्र आल्यावर काय होते याचे पान मी कधी शोधले नाही.

आम्ही त्या दिवसापासून गोल्डफिशबरोबर सकर देणे बंद केले. गिऱ्हाइके नाराज झाली. "मंग साफ कोन करीन?" असे विचारत. मिलिंद म्हणायचा, "तुम्ही. हात हायेत ना देल्ले?" एवढ्यावर तो थांबला नाही. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करकरून तो सकर परत मागू लागला. काही जण आणून देत, काहींकडे तो स्वतः जाई. वीतभर, हातभर झालेले सकर मागच्या सिमेंटच्या हौदात जमू लागले. तलावात सोडायचे नाहीत हे मी त्याला बजावले होते, कारण तिथे ते इथल्या माशांची अंडी फस्त करतात. "मंग हे म्हातारे होईलोक आपनच पोसाचे?" त्याने विचारले. मी हो म्हटले. तो हौदात दुधी भोपळ्याच्या फोडी टाकायचा.

शोभाबाईंना त्याने फोनवर सांगितले की सकर बादलीत वेगळा काढून ठेवा, मी पुढच्या आठवड्यात येऊन नेतो. तो पुढचा आठवडा आला नाही.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी मी दुकान उघडले. उघडायचे म्हणजे मासे जगवायचे, एवढेच मनात होते. एके सकाळी शोभाबाई दारात उभ्या राहिल्या. हातात झाकणाची बादली, वर ओले फडके. जळगाव जामोदहून बसमध्ये बादली मांडीवर घेऊन आल्या होत्या.

"भाऊ येतो म्हनले होते," त्या म्हणाल्या. "लय वाट पायली. मले वाटलं मासा मेला म्हनून रागावले का काय. म्हटलं आपनच नेऊन देऊ." आणि त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिले.

मी त्यांना सांगितले. त्यांनी बादली खाली ठेवली आणि पायरीवर बसल्या. मग त्याच उठल्या, बादली घेऊन हौदाशी गेल्या आणि सकर त्यात सोडला. "याइले खाले काय देता?" त्यांनी विचारले. मी दुधी म्हटले. पिशवीतून त्यांनी घरची वांगी काढून माझ्यासमोर ठेवली.

निघताना त्यांना मुख्य गोष्ट आठवली. "उरलेल्या माशाले आता काळा डाग पडून राह्यला, मॅडम. जिथं पांढरा चट्टा होता नेमका तिथं. लेकरं म्हनतात, माशाले तीट लावली. पन मले भेव लागते. हा रोग तं नाई?"

मी पुस्तकाला हात लावला नाही. फोटो पाठवा म्हटले, कसे पाणी बदलता ते विचारले, खातो का, पोहतो का ते विचारले. फोटोत काळेपणा जखमेच्या कडेकडेने होता आणि मधला भाग भरत आलेला दिसत होता. गोल्डफिशची जखम भरताना तिथे काळा रंग येतो आणि काही आठवड्यांत जातो. हे मला माहीत होते. तरी फोनवर सांगायच्या आधी मी फोटो पुन्हा पाहिला, कारण मागच्या वेळीही मला माहीतच होते. "काही घालू नका," मी म्हटले. "मीठ नाही, औषध नाही. नुसते पाहत राहा."

त्या दर दोन दिवसांनी फोटो पाठवत. उन्हे तापू लागली तेव्हा डाग पुसट झाला. मग एक दिवस फोन आला, "मॅडम, तीट गेली. लेकरं मलेच इचारतात, कोनं पुसली? आता याले जोडीदार द्या. मामाच्या गावचा कधी येते म्हनून जीव खातात."

आमच्याकडे मासा निवडणे हे मिलिंदचे काम. जाळी पाण्यात घालून तो क्षणात उचलायचा. मी दोन दिवस टँकसमोर उभी राहिले. गोल्डफिशसोबत गोल्डफिशच बरा, यात शंका नव्हती. पण त्यातही लांबट, चपळ जात असते आणि गोल, संथ जात असते. चपळाने संथाच्या तोंडचे खाणे पळवू नये म्हणून एकाच जातीचे, साधारण एकाच आकाराचे घ्यावे लागतात. शोभाबाईंचा मासा लांबट होता. मी तसाच एक निवडला, वेगळा ठेवला. शोभाबाईंनी त्यांच्या बोअरचे पाणी कॅनमध्ये भरून बसच्या कंडक्टरकडे पाठवले. कॅन माझ्या हातात देताना कंडक्टर म्हणाला, "बुलढान्यात पान्याचे इतके वांधे झाले काय हो, का जामोदचं खारं पानी मागवता?" मी थोडे थोडे करून नव्या माशाला त्या पाण्याची सवय लावली. दोन आठवड्यांनी पहाटेच्या बसने थर्माकोलच्या डब्यात त्याला घेऊन निघाले. इतकी वर्षे गिऱ्हाइके दुकानात येत होती, मी कुणाच्या टँकपर्यंत गेले नव्हते.

अंगणवाडीत टँकभोवती ओले पोते गुंडाळले होते, फक्त पुढची काच मोकळी. उन्हापासून पाणी राखायची ही युक्ती शोभाबाईंची. मासा पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवला आणि दोन्ही पाणी सारखे होईपर्यंत अर्धा तास वाट पाहिली. वीसेक मुले ओळीने बसली होती. पिशवी सोडली तशी नवा मासा दगडामागे गेला आणि जुना त्याच्या मागे लागला.

"मारून राह्यला मॅडम," मुले म्हणाली.

"जमन काय हो याइचं?" शोभाबाईंनी हळूच विचारले.

"सुरुवातीला पाठलाग करतात. तीन दिवस पाहायचे असते. काही वाटले तर फोन करा."

"फोनवर मले काय दिसते अन् तुम्हाले मी काय सांगते," त्या म्हणाल्या. "मीठ झालं तवा हेच झालं ना. थांबा ना तुम्हीच तीन दिवस. माह्या घरी खाट हाय."

एवढ्या सरळपणे ती गोष्ट त्या प्रथमच बोलल्या. चारच्या बसने परतायचे मी ठरवले होते. मी थांबले. दुकानाला कुलूप होते. एक किल्ली शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे असे, त्याला फोन करून मासे आणि हौद पाहायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी पाठलाग कमी झाला. नवा दगडाबाहेर आला, पण खायला पुढे झाला नाही. मी मुलांमध्ये बसून होते. माझ्या मांडीवर कोणाकोणाचे डोके येऊन पडत होते आणि मला हलता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी खिचडीच्या वेळी शोभाबाईंनी उकडलेला वाटाणा सोलून पाण्यात टाकला. जुन्याने तो तोंडात घेतला, चघळला, बाहेर टाकला. अर्धा तुकडा खाली जाऊ लागला. नव्याने तो वाटेत पकडला. जुना त्याच्या अगदी शेजारी होता. त्याने काही केले नाही.

"जमलं," एक चिमुरडी माझ्या कानाशी म्हणाली.

तीन दिवस संध्याकाळी पुरे होणार होते. तोवर निकाल देऊ नये. शोभाबाई वाटाण्याचा हात तसाच धरून माझ्याकडे पाहत होत्या.

"हाव," मी म्हटले. "जमलं."

पोते वाळत आले होते. ते ओले करायला मी बादली घेतली.